आधीचा प्रश्न

३ नोव्हेंबर, सोमवार

प्रशिक्षण सुरू झालं. चार सोमवार, शाळा सुटल्यावर दोन तास. चौथीपर्यंत गणित शिकवणारे पाच शाळांतले एकोणीस जण, पहिलीच्या वर्गात, मुलांच्या खुर्च्यांवर. गुडघे हनुवटीला. शेजारी आमच्याच शाळेतल्या दुसरीच्या बाई. टेकता टेकता म्हणाल्या, "दर वर्षी नवीन तज्ज्ञ येतात आणि दर वर्षी आपलंच चुकलेलं असतं. गंमत बघा."

तज्ज्ञबाई तरुण आहेत. गळ्यात स्टॉपवॉच. चहा येईपर्यंत त्यांचं नाव 'घड्याळ' पडलं होतं. भाषण नाही, फळ्यावर काही लिहिणं नाही. घरचा अभ्यास मात्र दिला: स्वतःचा एक तास फोनवर रेकॉर्ड करा, त्यातली कुठलीही पाच मिनिटं शब्दशः कागदावर उतरवा. आपण काय बोललो, मुलं काय बोलली. सुधारायचं नाही. गाळायचं नाही.

सव्वीस वर्षं शिकवते आहे. मी काय बोलते ते मला माहीत आहे.

घरात पाऊल ठेवलं तर दादाचा फोन. बाबांच्या दुकानाला गिऱ्हाईक आलंय. "तू विचार त्यांना. तू जवळ आहेस."

४ नोव्हेंबर, मंगळवार

विचारलं. बाबा हो म्हणाले!

संध्याकाळी त्यांच्या उशा सारख्या करताना इकडचं तिकडचं बोलत विषय काढला आणि मान हलवून स्पष्ट 'हो'. दोन मिनिटांचं काम. चाळीस वर्षांचं फोटो मढवायचं दुकान. दादा म्हणाला, "बघ, उगाच बाऊ करत होतीस."

झटका येऊन आठ महिने झाले. तेव्हापासून बाबा माझ्याकडे. उजवा हात अधू. शब्द उशिरा येतात, कधी कधी भलतेच येतात. विचारावं एक, सांगतात दुसरंच. असले किस्से मी दादाला फोनवर सांगते. तो हसतो. मीही हसते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

फोन खडूच्या डबीला टेकवून तास घेतला. चौतीस मुलं. बरा झाला. नेहमीसारखाच, म्हणजे मी एका जागी उभी नव्हते.

खिडकीजवळच्या मुलीने पुन्हा घोटाळा केला. सहा सत्ते किती, तर म्हणते चोवीस. वर्ग हसला. मी म्हटलं, "लक्ष कुठंय गं?" तिच्या वहीत पालकांसाठी शेरा लिहिला: वर्गात लक्ष नसते. या महिन्यातला तिसरा. आणखी एक झाला की मुख्याध्यापक तिला मागच्या तुकडीत बसवणार. मीच तसं सुचवलं आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गिऱ्हाइकाचा माणूस येऊन दुकानाची किल्ली घेऊन गेला. मोजमाप घ्यायचं आहे म्हणे. कागद एकोणतीस तारखेला. दादा घेऊन येईल, बाबांनी अंगठा द्यायचा.

किल्ली दारातच दिली. बाबा झोपले होते. झोपले असावेत.

९ नोव्हेंबर, रविवार

पाच मिनिटं उतरवायला तीन तास लागले. मागे घ्यायचं, ऐकायचं, लिहायचं, पुन्हा मागे. स्वतःचा आवाज इतका घाईचा असेल असं वाटलं नव्हतं. गाडी सुटायला आलेल्या माणसाचा आवाज.

मोजलं. पाच मिनिटांत मी तेवीस प्रश्न विचारले. चौदांची उत्तरं मीच दिली. दोन प्रश्नांमधली जागा — फोनवरचे सेकंद बघितले — एकाच्या वर जात नाही.

असं:

मी: म्हणजे इथे काय करायचं?
मी: भागायचं.
मी: कितीने?
मी: चारने. बरोबर?
वर्ग: बरोबर.

कुणाला दाखवावंसं वाटत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

दाखवावं लागलं. उतारे अदलाबदल करून वाचायचे होते. दुसरीच्या बाईंनी माझा वाचला आणि कागद मांडीवर ठेवला. "अहो, यात मुलांना कशाला बोलावलंत? तुमचं तुम्ही छान चाललंय." मग त्यांचा माझ्या हातात दिला. "हसू नका. माझ्यात तर मी स्वतःलाच शाबासकी दिलीय."

तज्ज्ञबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. शेवटच्या चार ओळींवर बोट ठेवलं.

मी: शहाण्णव खुर्च्या, चार रांगा. एका रांगेत किती?
मी: करा, करा पटकन. बरं, तोवर तू सांग, सहा सत्ते?
मुलगी: चोवीस.
(वर्ग हसतो.)

"ही चुकली का?"

"सहा सत्ते बेचाळीस," मी म्हटलं. जणू तेच त्यांना माहीत नव्हतं.

"आणि शहाण्णवला चारने भागलं तर?"

दुसरीच्या बाईंनी हळूच वहीच्या कोपऱ्यात भागाकार केला. मांडायची गरज नव्हती.

मुलगी बरोबर होती. फक्त मी तिथून निघून गेले होते.

पुढच्या आठवड्याचा अभ्यास: प्रश्न विचारला की हात पाठीमागे बांधायचे आणि मनात सात मोजायचे. सातपर्यंत तोंड बंद.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तीनला जीभ वळवळते. चारला पाय चालू पडतात. पाचला मी बोललेली असते.

दुपारी एकदा सातपर्यंत पोचले. वर्ग चिडीचूप. पहिल्या बाकावरून आवाज आला, "बाई, तुम्हाला बरं नाही का?"

१२ नोव्हेंबर, बुधवार

खिडकीजवळच्या मुलीला विचारलं: बहात्तर पेन्सिली, तीन डबे. सात मोजून झाले. ती खिडकीकडे बघत होती, ओठ हलत होते. माझ्या तोंडात 'चोवीस' तयार होतं. आठ. नऊ. दहा. कुणीतरी खुसखुसलं. तेराला ती म्हणाली, "चोवीस. पण बाई, परवाचं पण चोवीसच होतं."

वहीतला शेरा खोडता येत नाही, शाईचा आहे. खाली लिहिलं: वरील शेरा माझ्या चुकीने लिहिला गेला. सही केली. मुख्याध्यापकांकडे जाऊन माझी सूचना मागे घेतली. ते म्हणाले, "एकदा काय ते ठरवा बाई."

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी बाबांची खोली आवरत होते. नेहमीसारखी बडबड. चहा आणू? मोजे कुठे ठेवलेत? डोकं दुखतंय का आज?

बाबा म्हणाले, "कपाटात."

हसू आलं. दादाला सांगायला एक किस्सा मिळाला. हसतच कपाट उघडलं. मोजे तिथे होते.

मोजे बाबांच्या पायात घातले.

दिवसभर तेच बघत राहिले. बाबा भलतं बोलत नाहीत. बाबा एक प्रश्न मागे असतात. मी पुढे गेलेली असते.

आठ महिने मी ही गंमत सांगत होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

चार तारखेची संध्याकाळ शब्दशः उतरवायला बसले. तेव्हा फोन चालू नव्हता. आठवणीतून लिहायचं. पहिल्यांदा लिहिलं ते दोनच ओळींचं होतं: दुकान देऊन टाकू या का? — हो. ते फाडलं. सुधारायचं नाही, गाळायचं नाही.

मी: पाय शेकू का?
मी: नको, कालच शेकलेत.
मी: दुकानाची आठवण येते का हो अजून?
मी: बंद पडून आठ महिने झाले. धूळ खातंय नुसतं. देऊन टाकू या ना आता?
बाबा: हो.

तिसरी ओळ आणि चौथी ओळ. 'हो' यातल्या एकीचं आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

तिसरं प्रशिक्षण. अपूर्णांक. कागदाच्या पट्ट्या दुमडायच्या होत्या. मी आठ भाग करायचे तिथे सोळा केले. दुसरीच्या बाई म्हणाल्या, "तुमची पट्टी आता वातीएवढी झालीय, सोडा तिला."

चहाच्या वेळी तज्ज्ञबाईंना गाठलं. मोठ्या माणसांसाठी किती मोजायचं?

"किती मोठ्या?"

"एकोणऐंशी."

त्यांनी कप खाली ठेवला. काहीतरी छापील सांगतील असं वाटलं. म्हणाल्या, "मला नाही माहीत. तुम्ही मोजा आणि मला सांगा." आणि गळ्यातलं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

चहा हवा का: बावीस सेकंद.
खिडकी लावू का: सव्वीस.
आज कोण आलं होतं: चौतीस.
आईचा तो फोटो कुणी मढवला होता: अडतीस. "मीच. दोनदा. पहिली काच… फुटली." पुरं वाक्य. आठ महिन्यांत मी त्यांचं पुरं वाक्य ऐकलं नव्हतं. ते कधी पुरं होऊ दिलं नव्हतं.

दुकानाचं विचारलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दादाला फोन केला. सगळं सांगितलं.

"हो म्हणाले होते ना?"

"म्हणाले होते. पण कदाचित त्या प्रश्नाला नाही."

"मग कुठल्या प्रश्नाला? अगं, शिबिराचं खूळ घरात आणू नकोस. ते काय चौथीत आहेत?" मग म्हणाला, "बरं, स्पीकरवर टाक. मीच विचारतो. सोक्षमोक्ष लावू."

फोन बाबांच्या उशाशी ठेवला. घड्याळ चालू केलं.

"बाबा, जेवलात का? बाबा, दुकान द्यायचं ना? ऐकू येतंय का? हॅलो? अगं, बोलत नाहीत ते. बाबा, द्यायचं ना दुकान? हरकत नाही ना?"

बाबा फोनकडे बघत होते. सत्तावीसला म्हणाले, "हो."

"झालं समाधान?" दादा म्हणाला. "एकोणतीसला सकाळी येतो. अंगठ्याची शाई मी आणतो."

बाबा जेवले होते. मीच वाढलं होतं.

दादाचा राग आला नाही. मला माझाच आवाज ऐकू आला.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज विचारायचं ठरवलं होतं. तीनदा खोलीत गेले. एकदा पाणी दिलं, एकदा पंखा बंद केला, एकदा नुसतीच उभी राहिले.

पूर्वी वाटायचं, उत्तर येत नाही म्हणून मी थांबत नाही. आता कळतंय, येईल म्हणून भीती वाटते. नको म्हणाले तर दुकान कोण उघडणार? एका हाताने चौकट जोडता येत नाही. दादा परगावी, मी शाळेत. दोन वाक्यं मनात तयार आहेत: बाबा, समजून घ्या. बाबा, व्यवहार बघा. प्रश्न विचारायच्या आधीच उत्तरावरचं उत्तर.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शेवटचा सोमवार. प्रमाणपत्रं वाटली. प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं होतं. दुसरीच्या बाई म्हणाल्या, "माझ्या वर्गात आता इतकी शांतता असते की शेजारच्या वर्गाने तक्रार केलीय." सगळे हसले, तज्ज्ञबाईसुद्धा. माझी पाळी आली तेव्हा मी आभार मानले. भित्रं वाक्य.

दारात त्यांना घड्याळ परत द्यायला गेले.

"एकोणऐंशींना किती लागतात?"

"बावीस ते अडतीस."

"प्रश्नावर आहे तर."

"हो."

घड्याळ त्यांनी घेतलं नाही. "अजून एखादा प्रश्न राहिला असेल," म्हणाल्या.

मी त्यांना दुकानाचं काही सांगितलेलं नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

नाही विचारलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दादाने कागदांचे फोटो पाठवले. बाबांच्या नावापुढे एक रिकामा चौकोन आहे. अंगठ्यापुरता.

वर्गात आज खिडकीजवळच्या मुलीने हात वर केला. या वर्षात पहिल्यांदा. प्रश्न मी अजून विचारलाही नव्हता. म्हटलं, "काय गं?" तर म्हणे, "बाई, तुम्ही विचारा, मी थांबते."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेतून आले ती चप्पल काढून सरळ खोलीत. खुर्ची ओढून समोर बसले. हात मांडीखाली धरले.

"बाबा, दुकान द्यायचं का?"

पुढे काही नाही. आठवण नाही, धूळ नाही, शेवटचं 'ना' नाही. चाळीस झाले. पन्नास. एकसष्टला ते म्हणाले, "किल्ली… कुणाकडे आहे?"

आठ महिन्यांत त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न.

मला उत्तर येत होतं, तरी तोंडातून निघेना. बाबा थांबले. मध्ये एक शब्द घातला नाही, नजर हलवली नाही.

"गिऱ्हाइकाच्या माणसाला दिली मी," शेवटी म्हटलं. "आणते."

चप्पल पुन्हा घातली.