सहीला दोन माणसं

९ जानेवारी

मागचं पान सप्टेंबरचं आहे. माफी मागावी तर तू काही विचारत नाहीस. तरी मागते. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, असं लिहिणार होते – पण ते खरं नाही. घडत असेल, मी पाहत नव्हते.

आज लॅबमध्ये फळी आवरली. एक कवळी दीड महिना पडून होती. वरची-खालची, पूर्ण. म्हातारबुवांनी पुढच्या दोन दातांत मुद्दाम फट ठेवायला सांगितली होती. म्हणाले होते, होती तशीच करा, नाहीतर बायको घरात घ्यायची नाही. त्या फटीसाठी मी मेणात दात पुन्हापुन्हा लावले होते.

घरी फोन केला. मुलगा म्हणाला, बाबा गेले, महिना झाला. अशा वेळी बोलतात ते मी बोलले. मग तो म्हणाला, "पैसे भरलेत ना? मग राहू द्या तुमच्याकडेच."

त्याचा राग आला नाही. तो तरी काय करणार त्या कवळीचं? पण मी काय करू? दुसऱ्या कोणाच्या तोंडात बसेल अशी ती वस्तूच नाही. कवळ्यांना चकाकी देणारा आमचा पॉलिशवाला म्हणाला, ठेवा फळीवर, मॅडम, लॅबमध्ये हसणारं कोणीतरी हवंच.

हसले. घरी येईपर्यंत ते हसू उतरलं होतं.

११ जानेवारी

मृत्युपत्र करायचं.

वय शेहेचाळीस, आजार काही नाही. दोन खोल्यांचं घर आहे, त्याचे हप्ते फिटले. थोडी ठेव. लग्न केलं नाही. आई-बाबा नाहीत. दादा-वहिनी आहेत, त्यांना मूल नाही. तेव्हा घर दादाला. यात विचार करण्यासारखं काहीच नाही – असं वाटलं आणि मग विचार सुरू झाला. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. म्हणजे मी आधी जाणार असं मी धरूनच चाललेय की काय? पण दुसरं नाव सुचेना. आम्हा तिघांत मिळून पुढच्या पिढीचं माणूस एकही नाही.

सहीला दोन साक्षीदार लागतात. पॉलिशवाला लगेच हो म्हणाला. माझ्या नावे काही ठेवणार असाल तर आधी कळवा, चार दिवस गोड बोलतो, म्हणाला. दुसरं माणूस शोधायला फोनमधली सगळी नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. नळवाला. गॅसवाला. दोन दंतवैद्य, जे मला फक्त आवाजाने ओळखतात. आणि गेलेल्या माणसांचे नंबर, जे पुसायचा धीर झालेला नाही.

रविवार असल्यामुळे दादाचा फोन आलाच. त्याला म्हटलं, एका कागदावर सहीला माणूस हवंय, येशील का? त्याने विचारलं, कसला कागद? सांगितलं. मग म्हणाला, "कधी यायचं ते सांग," आणि फोन ठेवला.

एक काम झालं.

१७ जानेवारी

झालं कसलं!

वकीलबाईंकडे गेले. साक्षीदार कोण? एक सहकारी, एक भाऊ. घर कोणाला? भावालाच. बाईंनी पेन खाली ठेवलं. ज्याला मिळणार आहे त्यालाच साक्षीला उभं करू नये, म्हणाल्या. केलीच सही, तर त्याला ठेवलेलं त्याला मिळत नाही. मी म्हटलं, मला ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "भावाला ठाऊक आहे का?"

दादाने बँकेत तीस वर्षं असलेच कागद हाताळले. त्याला ठाऊक नाही तर कोणाला?

म्हणजे मी त्याला फोनवर काय सांगितलं? तुला माझं काही मिळायचं नाही, आणि तसं लिहिलेल्या कागदावर सहीही तूच करायची आहेस. आणि तो म्हणाला, कधी यायचं ते सांग.

१८ जानेवारी

रविवार. दादाचा फोन नाही.

२१ जानेवारी

सांगायचं तर कसं? 'अरे, घर तुलाच ठेवलंय' म्हणायचं म्हणजे उपकार करण्याआधीच पावती मागितल्यासारखं. न सांगावं तर तो मनात काय धरून बसेल!

आणखी एक आहे. खोडणार नाही. त्याला वाईट वाटलं असेल या विचाराने मला वाईट वाटलं, पण आत कुठेतरी बरंही वाटलं. कोणीतरी माझ्याकडून काही अपेक्षा धरून होतं! दोन खोल्यांची का असेना. इतकी भूक कशाची आहे मला? आपल्या मागे काही ठेवावं असं वाटतं, की ते घ्यायला कोणी रडत यावं असं वाटतं?

आज दिवसभर कोणाशी बोलले ते आठवून पाहिलं. पॉलिशवाला रजेवर होता.

२४ जानेवारी

वहिनीचा फोन. उचलल्या उचलल्या, "काय वन्सं, आम्हाला वगळलंत म्हणे!" तिची थट्टा कुठे संपते ते मला कधीच कळलेलं नाही. मी काही बोलायच्या आत पुढे सुरू – तुमच्या दादांनी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय सहीसाठी, मला हात लावू देत नाहीत. मी विचारलं, सही हाताने करणार की शर्टाने?

वगळलं असं वाटूनही शर्ट काढून ठेवलाय.

उद्या जाते.

२५ जानेवारी

गेले. दादा मोरीतला नळ दुरुस्तीला खोलून बसला होता, मान वर केली नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं – नियम ठाऊक नव्हता, घर तुलाच ठेवलं होतं, तुझी सही नको, दुसरं कोणी बघते.

त्याने पान्हा खाली ठेवला.

"मग तर सही मीच करणार."

मी म्हटलं, अरे, मग घर तुला मिळायचं नाही.

"तेच तर म्हणतोय. तुझं घर घ्यायला मी मागे राहायचं? आई गेली, बाबा गेले, आता रांगेत मी उभा आहे. मध्ये घुसू नकोस."

वहिनी दारात होती. एरवी तिने काहीतरी टोला हाणला असता. आज आत निघून गेली.

मी विचारलं, रागावला होतास? तो म्हणाला, नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं. मग गेल्या रविवारी फोन का केला नाहीस? तर म्हणतो, तू करशील म्हणून वाट पाहिली. इतकी वर्षं दर वेळी मीच करतो.

खरं आहे. मला हे कधी दिसलंच नाही. मी रविवारी फोनजवळ बसते आणि तसं बसण्यालाच आठवण काढणं म्हणते.

निघताना नळ गळतच होता. दादा म्हणाला, वायसर चुकीचा आणला.

२८ जानेवारी

वकीलबाईंकडे तिघंही गेलो. दादा त्या शर्टात. पॉलिशवाला त्याला म्हणाला, साहेब, तुम्ही वर सही करा, मी खाली करतो, वरचे दात आधी बसवायचे असतात. दोघं सहीला तयार. बाईंनी विचारलं, मग आता घर कोणाच्या नावे लिहू?

मी दादाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहत होता.

सह्या झाल्या नाहीत. बाईंनी कागद परत दिला. म्हणाल्या, घाई नाही, माणूस मिळालं की या.

अकरा वर्षं या घरात राहते. समोरच्या दारामागे कोण राहतं, ठाऊक नाही.

उद्या: समोरच्या दारावरची पाटी वाचायची.