शोभाचं नाव असलेलं पान

सोम., ४ फेब्रु. ८५
शाळेच्या पत्त्यावर परदेशी पाकीट. जगभरातल्या शिक्षिकांची परिषद, जुलैमध्ये. माझा निबंध निवडलाय, तिथे येऊन वाचायचा. जाण्यायेण्याचं सगळं तेच बघणार.
संध्याकाळी मुलुंडला कमलताईंकडे. रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण माझ्या सुपरवायझर त्या अजूनही आहेतच. निबंध त्यांनीच लिहायला लावला, इंग्रजी पण त्यांचंच. मी म्हटलं होतं, घाटकोपरच्या डोंगरावरच्या मुली पाण्याच्या रांगेपायी शाळा सोडतात, यात जगाला काय? तर म्हणाल्या, "नळ काय फक्त तुझ्याच घाटकोपरला आटतो का गं?"
आज नुसत्या हसत होत्या. चहा दोनदा केला.

गुरु., ७ फेब्रु.
ह्यांना सांगितलं. "छान." मग जेवताना, "पण आईचं काय?" सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये. खरंय म्हणा. पण 'छान' नंतर जरा थांबायला काय झालं होतं?

मंगळ., १२ फेब्रु.
मुख्याध्यापकांना परवानगीचा अर्ज दिला. संस्थेच्या कार्यवाहांना निबंध बघायचाय म्हणे. मराठी प्रत दिली. तिसऱ्या पानावर सातवीतल्या शोभा राणेचं बोलणं आहे, तिच्याच शब्दांत. पहाटे हंडे लावते, वर्गात डोळा लागतो, बाबा म्हणतात आता शाळा बस झाली.

शनि., २३ फेब्रु.
पालकसभा. कार्यवाह उठले, खिशातून माझा निबंध काढला. "आपल्या बाई परदेशात काय सांगणार आहेत, ऐका." तिसरं पान मोठ्याने वाचलं. नावासकट.
शोभाचे वडील तिथेच बसलेले. आरे कॉलनीत गोठ्यावर असतात, खाडा करून सभेला आले होते. सगळ्यांच्या माना वळल्या. ते उठले, माझ्याकडे न बघता निघून गेले.
पान कार्यवाहांनी वाचलं. नाव मी लिहिलं होतं. बदलायचं सुचलंच नाही. उलट खरं नाव आहे याचा अभिमान…

गुरु., २८ फेब्रु.
शोभा चौथा दिवस गैरहजर. शाळा सुटल्यावर डोंगरावर गेले. आई दारातच भेटली.
"शोभाक गावाक धाडलंव. आजयेकडे."
"अहो, वार्षिक परीक्षा तोंडावर आलीय."
"तिचा नाव कागदार घालूच्या आदी इचारूक व्हया होतां, बाईनू."
रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. पाणी विचारलं. नको म्हणवेना, अर्धा पेला प्याले.

सोम., ४ मार्च
कमलताई शाळेच्या फाटकाशी उभ्या. कळलं होतं त्यांना.
"तू नाही गेलीस तर ती मुलगी परत येणार आहे का?"
"आणि गेले तर?"
रस्ता ओलांडताना म्हणाल्या, "पुढे हो, पुढे हो म्हणून तुझ्या मागे लागले. नाव बदल, एवढं सांगायचं मला सुचलं नाही, सुलभा." एकदम म्हाताऱ्या दिसल्या.

शुक्र., ८ मार्च
मु.अ.नी बोलावलं. परवानगी मिळेल. पण निबंधातून डोंगर आणि पाणी काढायचं, आपलं स्नेहसंमेलन आणि लेझीम पथक घालायचं. "जूनपासून सुपरवायझरची जागा रिकामी होतेय, बाई. तुमचंच नाव पुढे आहे."
बघते म्हणाले. 'नाही' का नाही म्हणाले?
घरी हे म्हणतात, "घाल की लेझीम. जाऊन तर येशील." वाईट याचं वाटतं की मीही तोवर तोच विचार करत होते. शोभाचं पान गेलं की कुणाला त्रास नाही. शोभाही गेलीच आहे.

सोम., ११ मार्च
सातवीवर भूगोल. मंगल कदम उठली. ती पण डोंगरावरचीच. वहीचं पान पुढे केलं.
"बाई, नळावर किती वेळ जातो, आठवडाभराचं लिहून आणलंय. शोभानं सांगितलं होतं तसं." खाली ठळक अक्षरात पूर्ण नाव.
"घरी माहितेय?"
मानेनेच नाही.
"मग परत ने ते."
"का बाई? शोभाचं घेतलंत ना?"
अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी फळ्याकडे वळले, नदीचे टप्पे काढत बसले.
तास संपला तरी पान टेबलावरच. ठेवून गेली पोरगी. आता माझ्या पर्समध्ये आहे.
मु.अ.ना उत्तर उद्या. परिषदेला शनिवारपर्यंत तार करायची. ह्यांना काही बोलले नाही, कमलताईंकडेही गेले नाही.
त्याआधी मंगलच्या आईला विचारायला हवं, हे पान निबंधात घालू का म्हणून. चार वेळा मनात जुळवून बघितलं. प्रत्येक वेळी पहिल्या वाक्याशीच अडते.