उतारावरचं मोटरहोम

११ एप्रिल. सकाळी सात.
मोटरहोम पार्कातल्या चाळीस गाड्यांपैकी अडतीस उत्तरेला पळाल्या. उन्हाळा येतोय म्हणे. ॲरिझोनात उन्हाळा येतो ही काय बातमी झाली? एकतीस वर्षं नगररचना खात्यात काढली मी. पळून जाणं म्हणजे प्लॅनिंग नव्हे. आम्ही इथेच राहणार, असं मार्लिसला सांगितलं. म्हणाली, "मला विचारलंस कधी?" चेष्टेखोर आहे बायको माझी.

१२ एप्रिल.
पार्क रिकामा, म्हणजे हवी ती जागा. टेकडीच्या कडेची घेतली. सूर्यास्त थेट खिडकीत. थोडा उतार आहे. जेवताना वाटाणे आपले आपण मार्लिसच्या बाजूला जातात. पार्कची मालकीण डेल्फिन ऑट (वय पंचाहत्तर, जीभ त्याहून जुनी) येऊन म्हणाली, "हॅल्वर्सन, चाकांखाली फळ्या घाल. गाडी तिरकी असली की हे गॅसवरचे फ्रिज गार करत नाहीत."
उतारामुळे सांडपाणी झटकन जातं, हे तिला कोण सांगणार. फळ्या उद्या.

२० एप्रिल.
मार्लिसचं तीन महिन्यांचं इन्सुलिन आलं. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात लावलं. रोजची सुई मीच काढून देतो. शेजारी थर्मामीटर ठेवला. रोज सकाळी नोंद करणार. आज ४१ फॅरनहाइट. उत्तम.
मार्लिसला वाटतं मिनेसोटातलं घर विकलं ते ठीक, पण मोटार विकायला नको होती. म्हटलं, घरच चालतं आपलं, वेगळी मोटार कशाला? ती म्हणाली, पावाची लादी आणायला घर घेऊन जायचं का? यावर उत्तर आहे. सुचलं की लिहीन.

५ मे.
४७. इन्सुलिनच्या डबीवर लिहिलंय ४६च्या वर नको. एका डिग्रीने काय होतं. डबीवाले हात राखून लिहितात.
फळ्या आणल्या. गाडीखाली ठेवल्या आहेत. चाकांखाली नाहीत, पण गाडीखाली.

१९ मे. दुपारी तीन.
बाहेर १०६. माणसाला इतका ताप आला तर बर्फात घालतील. एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की वीज जाते. वेळापत्रक करून भिंतीला चिकटवलं.
थर्मामीटर ५८ दाखवतो. बिघडला असावा. मार्लिसने विचारलं, "फ्रिज गार आहे ना, ऑरिन?" मी म्हणालो, आहे. बाहेरच्या मानाने आहेच. तिला उगाच घोर नको म्हणून थर्मामीटर हत्यारांच्या पेटीत ठेवला.

२ जून.
लोणी पातळ झालंय. टोस्टला लावायला सोपं. दूध मात्र दुपारपर्यंत फाटलं. हल्ली दूधच चांगलं येत नाही.

६ जून.
मार्लिसची साखर २९०. मी संत्री बंद केली. ती म्हणाली, "एकच खाल्लं होतं, तेही परवा." वाद घातला नाही. शिस्त लागायला वेळ लागतो. संकल्प: तिच्या खाण्याची लेखी नोंद ठेवायची.

९ जून.
नोंदीप्रमाणे तिने काहीच खाल्लेलं नाही. साखर ३४०. कोडं आहे.
पाणी फार पिते आणि सारखी उठते. मैल्याची टाकी चार दिवस आधीच भरली, एवढ्या उन्हात जाऊन मला उपसावी लागली. टाकीची क्षमता तिला शांतपणे समजावून सांगितली. तिने आणखी एक ग्लास पाणी भरून घेतलं.

११ जून.
सुई वाढवली तरी उपयोग नाही, म्हणते. आवाज बारीक झालाय. तिच्या बहिणीचा, बेव्हचा, प्रेस्कॉटहून फोन आला, मीच घेतला. मार्लिस झोपलीय म्हणालो. खरंच झोपली होती. सकाळपासून.
फळ्या घालायला बाहेर पडलो होतो. गाडी उचलायच्या जॅकला हात लाववेना इतका तापलाय. उद्या पहाटे नक्की.

१३ जून.
पहाटे ओकाऱ्या. उभं राहवेना. मीटरवर आकडाच येईना. मोजण्यापलीकडे गेलं की अक्षरं येतात, ती आली. दवाखान्यात न्यायचं ठरवलं. पण घर न्यायचं म्हणजे आधी बाजूची सरकती खोली आत घ्यायची, चारही जॅक उचलायचे, पाण्याची नळी सोडायची. खोली अर्ध्यात अडली. उतारामुळे. उजवा जॅक हलेना. मी हातोडा घेतला. आत मार्लिस माझं नाव घेत होती. मी म्हणत होतो, दोनच मिनिटं.
चाळीस झाली होती. डेल्फिन तिचा पिकअप थेट दारापर्यंत घेऊन आली. एवढीशी बाई, तिने मार्लिसला अक्षरशः उचललं. मला म्हणाली, "तू घर आवर, हॅल्वर्सन. मी हिला नेते."
मी घर आवरलं. पोचायला तीन तास लागले.

१४ जून.
शुद्धीवर आहे. धोका टळला म्हणतात. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, इन्सुलिन ठेवता कुठे? मार्लिस म्हणाली, "फ्रिजमध्ये. ऑरिन रोज तापमान बघतो."
बाई माझ्याकडे वळल्या. किती असतं तापमान?
म्हणालो, थर्मामीटर आहे आमच्याकडे. त्यांनी परत विचारलं. म्हणालो, शेवटचं बघितलं तेव्हा ५८ होतं.
"कधी बघितलं होतं?"
मेमध्ये, म्हणालो. हे वाक्य मी मोठ्याने पहिल्यांदाच बोललो. बाई म्हणाल्या, मग नंतरच्या उन्हात औषध पार बिघडलं, महिनाभर तुम्ही यांना जवळजवळ पाणीच टोचत होतात.
मार्लिस ओरडेल असं वाटलं होतं. उत्तरंही तयार होती माझी: उतार, दूधवाले, डबीवरची छपाई. तिने विचारलंच नाही. भिंतीकडे कूस वळवली.

२७ जून. प्रेस्कॉट.
मार्लिस बेव्हकडे राहते. हवा इथे बरी आहे. मोटरहोम बेव्हच्या दारासमोर लावलंय, मी त्यातच असतो. बेव्हने सांगितलं, सोसायटीचा नियम आहे, रविवारपर्यंतच. रविवारनंतरचा प्लॅन अजून केलेला नाही. दोनदा वही उघडून बसलो.
आज मार्लिसने कॉफीला आत बोलावलं. रंग परतलाय तिच्या चेहऱ्याला. आमच्या मुलाचं पत्र दाखवलं. हवेबद्दल बोललो. कॉफी काळीच होती, म्हणून दूध घ्यायला मी उठलो आणि फ्रिजच्या दाराला हात लावला.
ती म्हणाली, "तू बस, ऑरिन. मी देते."
बसलो.