जुन्या लॅपटॉपवर लहान्याचं बोलणं

बाबा, तुमचा लहाना आता बोलत नाही. तुम्हाला हे कसं सांगावं ते कळेना, म्हणून सरळच लिहिलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि एवढ्या काळात तुम्हाला काही लिहावंसं कधी वाटलं नाही. आज रविवार आहे, दुपारचं जेवण झालंय, तो आतल्या खोलीत झोपलाय आणि मी नागपुरातल्या बेसा भागातल्या या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलवर बसले आहे. खूप थकले आहे. सांगायला दुसरं कोणी उरलेलं नाही.

त्याला तोंडाचा कॅन्सर झाला. बसवर कंडक्टर असताना तंबाखू-सुपारीचा खर्रा लागला होता, तो सुटलाच नाही. उमरेडहून बस निघाली की गालात एक गोळी आणि नागपूर आलं की दुसरी. ऑपरेशनमध्ये जिभेचा बराच भाग काढावा लागला. आवाज निघतो, पण शब्द होत नाहीत. नुसता ओला, गुळगुळीत आवाज येतो आणि समोरचा माणूस कानकोंडा होतो. नंतरच्या औषधांनी त्याच्या बोटांची टोकं बधिर झाली. शर्टाची बटणंही मला लावून द्यावी लागतात. त्याची बायको लेक लहान असतानाच गेली, ते तुम्ही पाहिलं आहे. लेक आता लग्न होऊन पुण्यात असते. म्हणून त्याला मी माझ्याकडे आणलं.

तुम्हाला त्याचं बोलणं आठवत असेल. उमरेडच्या घरात तुम्ही हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले, धोटा इकडून तिकडे जातोय, आणि लहाना उंबऱ्यात बसून शाळेतला कबड्डीचा सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतोय. कोणी कोणाला कुठे पकडलं, कोणाची चड्डी फाटली, मास्तर काय म्हणाले. तुम्ही कोरे धागे मोजत असता. मग माग थांबतो. "अबे, थोडा गप्प बस ना गा," तुम्ही म्हणता. "मोजणं चुकून राहिलं माझं." तो क्षणभर गप्प बसतो आणि मग कुजबुजत पुढचं सांगायला लागतो. आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसते. असं रोज व्हायचं. आणि त्याच वर्षी सूत आणायला नागपूरला गेले होते तेव्हा तुम्ही त्याच्यासाठी सेलवर चालणारा एक छोटा भोंगा घेऊन आले. त्याच्या हातात दिला आणि काही न बोलता हातपाय धुवायला गेले. आई म्हणाली, "आता तं अजूनच बोलन हा." तुम्ही म्हणाले, "बाहेर बोलन ना मग. घरात धागा तुटते." नंतर कबड्डीचे सामने कुठेही असोत, कॉमेंट्रीला त्यालाच बोलवायचे. नोकरी लागल्यावरही सुट्टी काढून जायचा.

हॉस्पिटलातून आल्यावर पहिले काही आठवडे लेक रोज फोन करायची. तो फोन कानाला लावायचा, तिकडून ती "पप्पा, पप्पा" म्हणायची, हा हुंकार द्यायचा. मग ती रडायची, आणि तो फोन माझ्या हातात द्यायचा. फोनवर टाइप करून उत्तर द्यायचा प्रयत्न त्याने केला. बधिर बोटाने एका अक्षराऐवजी तीन उमटायची. हळूहळू तिचे फोन कमी झाले. मला म्हणाली, "आत्या, मी काय बोलू गं त्यांच्याशी? मी एकटीच बोलत राहते, मले भीती वाटते." एके दिवशी त्याचा फोन लागेना. शोधशोध केली. त्याने तो बंद करून तांदळाच्या डब्यात खाली खुपसून ठेवला होता. विचारलं तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवण म्हणजे मिक्सरमधून काढलेला पातळ वरणभात, तोही अर्धा ठेवायला लागला. मला तेव्हा भीती वाटली, बाबा. आजाराची नव्हे, त्याच्या त्या पडून राहण्याची.

माझ्याकडे एक जुना लॅपटॉप होता. कपाटावर पडलेला, बॅटरी मेलेली, वायर काढली की बंद पडणारा. पण त्याची बटणं मोठी आणि दाबली की टकटक वाजणारी. एकदा सहज त्याच्यासमोर ठेवला तर बोट बधिर असूनही त्याला बटण दाबल्याचं कळायचं. एकेका बोटाने त्याने लिहिलं: चहा. मी चहा केला. फोन लॅपटॉपला जोडता येतो हे मला ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सांगितलं. म्हणजे फोन बाजूला पडलेला असतो, त्यावर आलेला मेसेज लॅपटॉपच्या पडद्यावर मोठा दिसतो आणि उत्तर लॅपटॉपवरून लिहिता येतं. पण आमच्या लॅपटॉपवरची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे त्याला चालवणारी मूळ यंत्रणा, जुनी झाली होती. तिच्यावर जोडणी रोज तुटायची आणि कंपनीने तर तिच्याकडे बघणंच बंद केलं होतं. नवी टाकायला गेले तर पडद्यावर उत्तर आलं की हा संगणक त्यासाठी पात्र नाही. सुरक्षेची एक चिप लागते, ती त्याच्यात नाही.

दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, काहून जीव घालता याच्यात? नवीन घ्या." त्या महिन्यांत नवीन घेणं जमण्यासारखं नव्हतं. आणि घेतला असता तरी लहान्याने हात लावला नसता. आपल्यासाठी कोणी काही नवीन आणलं की तो आणखीच भिंतीकडे वळायचा. मग मीच शिकले. लोक ती तपासणी चुकवून नवी यंत्रणा जुन्या लॅपटॉपवर कशी टाकतात याचे व्हिडिओ पाहिले. दुकानदाराकडून जास्तीची मेमरी आणि नवी डिस्क तेवढी बसवून घेतली. एका सुट्टीच्या दिवशी पेन ड्राइव्ह लावून सुरुवात केली. दोनदा अर्ध्यात अडकलं. पडद्यावर स्पष्ट लिहून आलं की पुढे काही बिघडलं तर जबाबदारी तुमची. मी हो म्हटलं. आजकाल सगळ्यालाच हो म्हणते. लहाना दारात उभा राहून बघत होता. त्या दिवशी त्याने जेवण पूर्ण घेतलं, ते मात्र माझ्या लक्षात आलं.

फोन जोडला गेला तेव्हा मी लेकीला फोन करायला सांगितलं. तिला म्हटलं, "तू फक्त बोल. ते फोनवर ऐकतील आणि लिहून उत्तर देतील. मेसेजकडे लक्ष ठेव." फोन वाजला, तो उचलून मी स्पीकरवर ठेवला. तिकडून ती म्हणाली, "पप्पा, ऐकून राहिले का?" लहाना बटणांवर वाकला. किती वेळ लागला कोण जाणे. इंग्रजी अक्षरं दाबली की पडद्यावर मराठी येतं, ते त्याला नवीन होतं. मग मेसेज गेला: तू जेवली का. तिकडे तिने तो मोठ्याने वाचला. मग म्हणाली, "जेवली. भरीत केलं होतं, पण तुमच्यासारखं नाही झालं." आणि लहान्याने लिहायला घेतलं. वांगं कसं भाजायचं, जाळायला काड्या कशाच्या, लसूण केव्हा. एकामागून एक मेसेज. ती वाचेपर्यंत पुढचा हजर. शेवटी ती हसायला लागली. "पप्पा, थांबा ना, वाचू तं द्या मले." तो खांदे हलवून हसला. तोंड नीट मिटत नाही म्हणून हसताना तो रुमाल धरतो. त्या दिवशी धरायचं विसरला.

आता ती एक दिवसाआड फोन करते. ती बोलते, तो लिहितो. तो बाल्कनीत लॅपटॉप घेऊन बसतो, वायर आतून ओढलेली, आणि खालच्या रस्त्याची कॉमेंट्री मला ऑफिसात पाठवतो. पाणीवाला आला. समोरच्या प्लॉटवर पुन्हा गिट्टी टाकली. शेजारच्या देशपांडेकाकू छत्री विसरून परत आल्या. सगळं सुरळीत आहे असं नाही. मोठं अपडेट आमच्या लॅपटॉपला आपणहून मिळत नाही, ते मला हाताने टाकावं लागतं. मागच्या वेळी टाकलं तर पडदा काळा झाला तो दोन दिवस. लहाना त्या काळ्या पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिला, आणि वरणभाताची वाटी पुन्हा अर्धी परत येऊ लागली. मी ऑफिसातून यायचे, स्वयंपाक करायचे, मग खुर्ची ओढून बसायचे. अपडेट काढून जुनं परत आणलं, फोन पुन्हा जोडला. कधीतरी हा लॅपटॉप कायमचा बंद पडणार, हे मला दुकानदाराने सांगितलं आहे आणि मी लहान्याला सांगितलेलं नाही. तेव्हा दुसरं काहीतरी शोधीन. पण त्याचा विचार केला तरी खांदे दुखतात.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, लिहून घडी घालून ठेवायचं आहे. तरी एक गोष्ट राहिली. परवा ऑफिसात खूप काम होतं, सकाळपासून डोकं दुखत होतं, आणि त्याचे मेसेज येत होते, एकावर एक. मी फोन उलटा करून ठेवला. दिवसभर एकही वाचला नाही. संध्याकाळी घरी आल्यावर तो दारातच उभा होता. मी चप्पल काढता काढता म्हटलं, "आज ऑफिसात रेंजच नव्हती." त्याने मान हलवली आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन आत गेला. बाबा, मेसेज समोरच्याच्या फोनवर पोहोचला की पडद्यावर खाली बारीक अक्षरात तसं लिहून येतं. ते त्याला मीच दाखवलं होतं.