सुलक्षणी वळू

पौष शुद्ध ३, शके १८५३. मु. राजेश्वर.

आमच्या घरी न्यायशास्त्र बुडालं! ताकात मीठ नाही, हे माझ्या जिभेला प्रत्यक्ष. सौ. शकू म्हणते, "घातलंय." काशीला सात वर्षं न्याय शिकलो, तो एका शब्दात आडवा. प्यालो. ताक बाकी उत्तम होतं.

गावात निराळी कुरकुर. वडील गेले तेव्हा अकराव्या दिवशी मी गोऱ्हा देवाला सोडला. तोच आता गावचा वळू. पण दिवाळीपासून त्याने फळवलेल्या गाई पुन्हा माजावर येतात — नऊच्या नऊ! निंगप्पा तर "गायच वांझ" म्हणत ती विकायला आळंदच्या बाजाराच्या वाटेला लागला.

पौष शुद्ध ४

लिंगम्मा गावची गुरं राखते, अडलेली गाय तीच सोडवते. आज ती वळूच्या मागे वाकली, हात लावून बघितलं, आणि मला हाक मारली.

"शास्त्रीअण्णा, ह्यो गोऱ्हा कुनी निवडला?"

"मी!" — अर्थात अभिमानाने. "वशिंड, शिंगं, खूर, शेपटी — सगळं पोथीबरहुकूम."

"मागून कामून बघितलं न्हाई? पिशवी रिकामी हाय. गोट्या पोटातच राहिल्यात, दोन्ही. असला गडी चढतो, पर गाभ ठरत न्हाई. गाईला कामून बोल लावायलाव?"

देवाचा म्हणून त्याला खच्ची करायला कधी कोणी धरलं नाही. धरलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं. गावच्या बातम्या मी साप्ताहिकाला धाडतो; ही काय म्हणून पाठवू?

पौष शुद्ध ५

गाव हसेल वाटलं होतं. सिद्धलिंगप्पा, ज्यांच्या तीन गाई फुकट गेल्या, एवढंच म्हणाले, "देवाला दिलेलं माघारी घ्यायचं न्हाई अण्णा. खाऊ द्या बापड्याला. निर्णा गावचा वळू आणू." वर निंगप्पाला गाठायला स्वतःचं घोडं दिलं. मला घोडं हाकता येत नाही. घोड्याला चालता येतं, त्यावर भागलं. किती चांगली माणसं!

निंगप्पा वाटेतच सापडला. ऐकून धुळीत बसला, गाईच्या पायांवर डोकं ठेवलं. "आई, चुकलो." इतकी सरळ माफी मी कधी कुणाची मागितलेली नाही.

माघ शुद्ध ९

निंगप्पाची गाय निर्ण्याच्या वळूला फळली, उलटली नाही — पुन्हा माजावर आली नाही. लिंगम्मा म्हणते, ठरली! या बाईचे उपकार नऊ गाईंवर आहेत. सगळ्यांनी मिळून तिला लुगडं घेतलं. तिने ते उलटून पाहिलं — "मागून बी बघून घेते, अण्णा."

शकू तिची ओटी भरायला उठली, तशा शेजारच्या सुशीलाबाई म्हणाल्या, "तुम्ही नका. कुणी लेकुरवाळी भरू दे." शकू तांदूळ खाली ठेवून बाजूला झाली. मी तिथेच उभा होतो.

माघ शुद्ध १०

माझंही त्या वळूसारखंच आहे, जन्मापासून. त्याचा अर्थ लिंगम्मा बोलली तेव्हा कळला. एकवीस वर्षं मूल नाही याचा बोल शकूने सोसला. तिला सांगायला हवं. ती काय म्हणेल, याची मला फार भीती वाटते.