सहा नंबरचा डावा दंड

सोमवार, ३ नोव्हेंबर
उद्यापासून शवविच्छेदनाच्या वर्गात दंड. आमच्या सहा नंबरच्या टेबलावरच्या गृहस्थांचा डावा हात माझ्या वाट्याला आला आहे. त्यांचं नाव आम्हाला सांगत नाहीत. मी मनात त्यांना 'साहेब' म्हणतो. मेल्यावरही माणूस शिकवायला येतो, तर विद्यार्थ्याने चूक करता कामा नये. निश्चय: एकही चूक नाही.

वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आता डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आहे. शरीर म्हणजे तरी काय, नकाशाच. प्रकरण तीनदा वाचलं. बेटकुळीच्या स्नायूला चेतवणारा मज्जातंतू काखेतून निघतो, एका लहान स्नायूला आरपार भोसकून जातो आणि दंडाच्या पुढच्या तिन्ही स्नायूंना पुरतो. तो माझ्याच दंडावर हिरव्या पेनने काढून ठेवला. बायकोने, ऊनाने विचारलं, हे अंघोळीत जाईल ना? जाणार नाही. पेन पक्कं होतं, हे नंतर वाचलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
चरबी साफ करत होतो. पांढरट पापुद्र्यासारखं काहीतरी सारखं मध्ये येत होतं. कापलं. टेबलाखालच्या बादलीत टाकलं. साहेबांचा प्रत्येक कण त्याच बादलीत जातो, शेवटी सगळं त्यांच्याबरोबर पुरलं जातं. हा नियम मी काटेकोर पाळला. एवढं तरी नोंदवतो.

११.२० ला टुलॉकबाई आल्या. तीस वर्षं हा विभाग त्याच सांभाळतात. वाकून पाहिलं आणि विचारलं, गेडिस, मज्जातंतू कुठाय?
मी बादलीकडे पाहिलं. मग वर पाहिलं. तोंड आपोआप बोललं: यांना तो नव्हताच, मॅडम.
हे खोटं नाही. काही माणसांना तो खरंच नसतो, शेजारचा मज्जातंतू त्याचं काम करतो. सकाळीच तळटीपेत वाचलं होतं. म्हणजे हा अभ्यास बोलला.
बाई म्हणाल्या, असं का? मग नोंदवा.
दाराजवळ अपवादांची वही टांगलेली असते. नोंदवलं. अक्षर चांगलं आलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर
झोप लागली नाही. बाईंना सगळं सांगायचं ठरवलं. पण आज पाच नोव्हेंबर, इथला फटाक्यांचा सण, नातवंडांना घेऊन त्या लवकर गेल्या. माणसाच्या सणात विघ्न आणणं बरं नव्हे. उद्या नक्की.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
बाईंनी बाकीच्या टेबलांवरची पोरं आमचा दंड बघायला पाठवली. रांग लागली. मी चार वेळा समजावून सांगितलं. चौथ्या वेळी फारच छान जमलं. शिक्षकाची जीभ, काय करणार.
एका पोराने विचारलं, मग बेटकुळीत शिरणारं हे तुटकं टोक कसलं? म्हटलं, रक्तवाहिनी असावी.
कात्रिओना माझ्याच टेबलावर असते, वय वीस. कँटीनमध्ये ती म्हणाली, आजोबा, खिडकीत बर्फ साचलाय आणि तुम्हाला घाम कसला?
तिला सांगितलं, वयाचा परिणाम.
उद्या नक्की.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
बाई ग्लासगोला. माझा नाइलाज.

सोमवार, १० नोव्हेंबर
ऊनाला सहज विचारलं, समजा, एखाद्याच्या हातून नकळत काही कापलं गेलं तर?
ती नर्स आहे. तिने बटाटा सोलणं थांबवलं नाही. म्हणाली, आता कोणाचं काय कापलंस, फर्गस?
म्हटलं, तात्त्विक प्रश्न आहे.
ती म्हणाली, शेजारच्या मॅकफीबाईंची टेलिफोनची तार कुदळीने तोडलीस आणि वाऱ्याचं नाव सांगितलंस, तेही तात्त्विकच होतं ना? सहा वर्षं झाली, म्हातारी अजून वाऱ्याला शिव्या घालते.
त्या दिवशी वारा होता. हे ती सोयीस्करपणे विसरते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
आता प्रकरण गंभीर. बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, सहा नंबरच्या गृहस्थांच्या मुलीने देह देताना एकच मागणं केलंय, बाबांच्या अंगात जे सापडेल ते खरं खरं कळवा. मज्जातंतू नसण्याच्या या दुर्मीळ प्रकाराबद्दल शुक्रवारी तिला पत्र जाईल.
म्हणजे ती मुलगी उद्या आपल्या भावाला सांगणार, मुलांना सांगणार, कदाचित डॉक्टरलाही. एक आख्खं घराणं स्वतःचे दंड चाचपत बसणार. माझ्या कात्रीमुळे.
शुक्रवारच्या आत सांगायचं. लेखी निश्चय. सही: फर्गस गेडिस.

बुधवार, १२ नोव्हेंबर
त्याहून चांगली योजना सुचली. मज्जातंतू बादलीतून काढायचा, जागेवर ठेवायचा आणि म्हणायचं, सापडला! मग कोणाचंच नुकसान नाही.
सकाळी ८.१० ला गेलो. हातमोजे घालून बादली तळापर्यंत चाळली. नाही. पुन्हा चाळली. नाही.
देखभाल करणारा हेक्टर मागे उभा. म्हणाला, काय हरवलं, गेडिससाहेब?
म्हटलं, पेन.
तो म्हणाला, हिरवं?
दंडावरची बाही वर गेली होती.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
साहेबांच्या तळहातावर जुना, कडक घट्टा आहे, अंगठ्याच्या मुळाशी. आज प्रथमच नीट पाहिलं. आयुष्यभर काहीतरी ओढत असावेत, दोर असेल, जाळं असेल. ज्या बेटकुळीने ते ओढलं, तिचा मालक आहे तो मज्जातंतू. आणि मी म्हणतोय, तुम्हाला तो नव्हताच.
त्यांची माफी मागितली. मनात. मोठ्याने मागितली असती, तर कात्रिओनाने ऐकलं असतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
८.५५ ला बाईंच्या दारात. ९.०५ ला परत फिरलो. ९.०६ ला हेक्टरने मागून दार उघडलं आणि मला आत सारलं.
सगळं सांगितलं. तळटीपेसकट.
बाईंनी खणातून काचेची बशी काढली. त्यात तो पांढरा दोरा, चिठ्ठीसकट: सहा नंबर, डावा दंड, ४ नोव्हेंबर. हेक्टर रोज संध्याकाळी बादल्या तपासतो. तीस वर्षं.
मग अपवादांची वही उघडली. हाच मज्जातंतू 'नव्हताच', अकरा वेळा, अकरा सुवाच्य हस्ताक्षरांत. प्रत्येकापुढे पेन्सिलीने कबुलीचा वेळ. दोन तास. एक दिवस. जास्तीत जास्त सहा दिवस. माझ्यापुढे बाईंनी लिहिलं, दहा.
म्हणाल्या, पोरं घाबरून लवकर सांगतात. तुम्ही विचार करता ना, म्हणून वेळ लागतो. मला वाटलं, हे कौतुक असावं. थोडा वेळ वाटलं.
पत्र? ते तुम्हीच लिहायचं, म्हणाल्या. खरं खरं. नाव घालायचं नाही, पोचवायचं काम ऑफिस करील.

रविवार, १६ नोव्हेंबर
पहिला मसुदा चार पानं. त्यात माझं भूगोलाचं करिअर, वयाची अडचण, तळटीप. बाईंनी शनिवारी लाल पेन्सिलीने सगळं काढलं. उरलं ते असं:
'तुमच्या वडिलांचा डावा दंड निरोगी आणि पूर्ण होता. त्यातला मज्जातंतू माझ्या हातून कापला गेला आणि मी दहा दिवस तो नव्हताच म्हणत राहिलो. त्यांनी मला शिकवलं. माफ करा.'
'दुर्मीळ' हा शब्द कुठे बसतो का पाहिलं. बसत नाही.
ऊनाने पत्र वाचलं. मग टेबलावर दुसरा कोरा कागद ठेवला आणि म्हणाली, आता मॅकफीबाईंना.
कागद समोर आहे. बाहेर खरोखरच वारा सुटलाय.
उद्या नक्की.