तीनशे मीटरवरचा दिवा

४ फेब्रुवारी, रविवार
रायफल क्लबात आज दहापैकी सहा. म्हणजे सासऱ्यांच्या मते सहा. खरे दहाच असणार. तीनशे मीटरवर साखळीला पोलादी पाटी टांगलेली, गोळी लागली की बारीक टण्ण होतं. ते ऐकून 'लागली' म्हणून ओरडायचं काम कोणाकडे? ज्याला स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत त्याच्याकडे! हिचे वडील. आमच्याकडेच राहतात. क्लबात दुर्बीण घेऊन खुर्चीत बसतात आणि पेंगतात. हसावं की रडावं!
टण्ण मलाही ऐकू येत नाही. पण माझ्या कानात बोळे असतात.

६ फेब्रुवारी
महिनाअखेर आंतरक्लब मॅचसाठी तिघांची टीम निवडणार. मी असणारच, दरवर्षी असतो. गेल्या मॅचला माझी एकही गोळी मोजली नाही, कारण तिथला दुर्बीणवाला आकसाने वागला.
निर्धार : लागलेली गोळी आंधळ्यालाही दिसेल अशी सोय मी करणार. सायन्स!
सासऱ्यांना सांगितलं. म्हणाले, जावईबापू, झाकली मूठ सव्वा लाखाची, चाललंय ते बरं चाललंय. म्हाताऱ्याला खुर्ची जायची भीती, दुसरं काय.

११ फेब्रुवारी, रविवार
उपाय पहिला. पाटीला पांढरा रंग. गोळी लागली की रंग उडतो आणि काळा डाग लांबूनही दिसतो. सकाळी जाऊन स्वतः रंगवली. शर्ट कामातून गेला.
दहा गोळ्या मारल्या. सासरे म्हणाले, सात लागल्या. जवळ जाऊन पाहिलं तर पाटी कोरी करकरीत. सासरे म्हणाले, रंग छान बसलाय. जन्मात एकदा शहाण्यासारखं बोलले. हार्डवेअरवाल्याने भलताच चिवट रंग गळ्यात मारला. जाऊन झापला त्याला.
माझ्यानंतर दाताच्या डॉक्टरने मारल्या. आठ काळे डाग. साहजिक आहे, तोवर रंग मी सैल करून ठेवला होता. क्लबात सगळे त्याची पाठ थोपटत होते. गाढवाला गुळाची चव काय!

१८ फेब्रुवारी, रविवार
उपाय दुसरा. पाटीमागे डबा, हादरा बसला की लाल दिवा चमकतो. आयडिया माझी, जोडणी इलेक्ट्रिशियनची. हातोडा मारून बघितला, लख्ख लागला. मी गोळ्या मारल्या, नाही लागला. सासरे अधूनमधून 'लागली' म्हणत होते आणि दिवा ढिम्म. मग त्यांनी डोळ्यांत ऊन जातंय म्हणून दुर्बीण खाली ठेवली.
इलेक्ट्रिशियनला म्हटलं, तुझा डबा झोपलाय. तो म्हणाला, साहेब, डबा बरोबर आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला! दमात घेऊन सेटिंग वाढवून घेतलं.

२१ फेब्रुवारी
ऑफिसला दांडी. दहापैकी दहा!! दर गोळीला दिवा. अकराव्यांदाही लागला, तेव्हा मी रायफल पिशवीत भरत होतो. आधीच्या एखाद्या गोळीचं राहिलेलं असेल.
क्लबच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, अहो, दिवा वाऱ्याने लागतोय. दुसऱ्याचं यश काही लोकांना बघवत नाही. त्यांनी इलेक्ट्रिशियनला बोलावून सेटिंग परत खाली आणलं. पण दिवा सगळ्यांना पटला. निवड फक्त दिव्यावर होणार, दुर्बिणीची गरज नाही. सासऱ्यांची खुर्ची मीच घडी घालून भिंतीला टेकवली. काय समाधान वाटलं!

२५ फेब्रुवारी, रविवार
निवड झाली. दहा गोळ्या. दिवा नाही.
मी हरकत घेतली. फायरिंग थांबवून इलेक्ट्रिशियन पाटीपर्यंत गेला, हातोडा मारला, दिवा लागला. मी म्हटलं, हातोड्याचं कौतुक नको, गोळीने लावून दाखवा. बाईंनी सासऱ्यांना, जुने नेमबाज म्हणे, मारायला सांगितलं. ते नको नको म्हणत होते, अगदी हात जोडले. शेवटी माझीच रायफल घेतली.
दिवा. परत दिवा. पाच गोळ्या, पाच दिवे.
रायफल मी सेट केलेली होती, हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. परत येताना गाडीत सासरे काचेबाहेर बघत होते, जणू त्यांचीच चोरी पकडली गेली.

२६ फेब्रुवारी
बायकोला विचारलं, तुझ्या बाबांना ऐकू येतं का? म्हणाली, उत्तम येतं. ऐकू न येणं त्यांनी खास तुझ्यासाठी ठेवलंय.
मग बोलतच सुटली. म्हणे, तू हरून आलास की आठ-आठ दिवस घरात कोणाशी बोलत नाहीस, ताटं आपटतोस. लेकीचे ते आठ दिवस सुखात जावेत म्हणून बाबा 'लागली' म्हणायचे. नेम चुकतो त्याचं काही नाही रे, पण घरात श्वास घ्यायची चोरी होते.
वाईट वाटलं. खूपच. पण लगेच राग आला आणि बरं वाटलं.
सासऱ्यांच्या खोलीत गेलो. म्हटलं, इतक्या वर्षांत खऱ्या किती लागल्या? ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. म्हणाले, वाऱ्यात नीट कळायचं नाही हो. मग माझा चेहरा बघून म्हणाले, एकदा पाटीची साखळी तोडली होती तुम्ही.
साखळी पाटीपेक्षा कितीतरी बारीक असते. हे त्या क्लबात कोणाला कळायचं नाही.

३ मार्च, रविवार
मॅच. टीममध्ये दाताचा डॉक्टर, सेक्रेटरीबाई आणि माझ्या जागी सासरे. दिवाही नेलाय, समोरच्या क्लबाला हवाय म्हणे. बायको बाबांना बघायला गेली. नवी साडी नेसून.
निर्धार : सगळे येऊन माफी मागत नाहीत तोवर कोणाशी एक अक्षर बोलायचं नाही. सकाळपासून कडकडीत पाळतोय. त्यांना चांगलंच झोंबणार.

संध्याकाळी
अजून बोललेलो नाही. घरात कोणी आलेलं नाही.